‘काय बदललंय ओ?’ या फोनचं उत्तर आधीच लिहून ठेवणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करणारी पाच-सहा जणांची टीम. ग्राहक शंभराच्या वर. दर तीन-चार आठवड्यांनी नवं व्हर्जन जातं आणि त्यासोबत गिटमधले (कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं साधन) कमिट मेसेज उचलून केलेली एक पीडीएफ. ती कुणी उघडत नाही. मग चेंजलॉगमध्ये, म्हणजे कुठल्या व्हर्जनमध्ये काय बदललं त्या नोंदीत, लिहायचं काय? अकाउंटंटला आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला एकच नोंद चालेल का? मराठीत लिहावं की इंग्रजीत? आणि मागच्या सहा वर्षांच्या व्हर्जनचं काय करायचं?

मी या कामात दोन्हीकडे बसलोय. आधी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा सर्व्हर सांभाळायचो. म्हणजे दुसऱ्यांनी पाठवलेलं अपडेट रात्री साडेआठनंतर टाकायचं आणि सकाळी ऑफिस उघडल्यावर बोलणी खायची. पुढे सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या बाजूला आलो. बोलणी तिथंही होतीच, फक्त फोनवरून. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं स्वतः चुकून शिकलेलं आहे, आणि त्यातली सगळ्यात महागाची चूक आधी सांगतो.

एका व्हर्जनच्या नोंदीत मी लिहिलं होतं, ‘येणेबाकी रिपोर्टचा वेग वाढवला.’ त्यात खोटं काही नव्हतं. चाळीस सेकंद घेणारा रिपोर्ट तीन सेकंदांत यायला लागला होता. वेग कसा वाढला ते मात्र मी लिहिलं नव्हतं. रिपोर्ट आता आपोआप चालू आर्थिक वर्षापुरताच निघत होता. जुनी बिलंही हवी असतील तर वर कोपऱ्यात ‘ऑल इयर्स’वर टिक करायची. आम्हा चौघांना ते इतकं उघड वाटत होतं की लिहायचं कुणाला सुचलंच नाही.

महिना ऑगस्ट. एप्रिलमध्ये हे झालं असतं तर यादी जवळजवळ कोरी आली असती आणि कुणीही लगेच फोन केला असता. ऑगस्टमध्ये चार महिन्यांची बिलं होती, यादी चांगली भरगच्च दिसत होती. एका कारखान्याचा वसुलीचा माणूस तीच यादी छापून हैदराबादला गेला. बेगम बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून त्यानं कागदावर होतं तेवढं घेतलं, चहा पिऊन परत आला. फेब्रुवारीतल्या बिलाचे एक लाख चाळीस हजार त्याच्या कागदावर नव्हतेच, आणि व्यापारी कशाला आठवण करून देतोय. ही गोष्ट उघडकीस आणली त्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या मुनीमजींनी. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. कॉम्प्युटर येऊन पंधरा वर्षं झाली तरी अण्णांनी लाल कापडाची वही सोडली नव्हती. मालकांचा फोन मलाच आला. ‘वेग वाढवला म्हणून लिहिलंय तुम्ही. आमची बाकी कुठं गेली ते कुठं लिहिलंय?’

पैसे पुढच्या फेरीत आले. पण तेव्हापासून नोंद लिहायला बसलो की मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो. हे न वाचता सोमवारी सकाळी कामाला बसलेला माणूस कुठे अडकेल, कुठे फसेल? अडकणं त्यातल्या त्यात बरं, कारण अडकलेला माणूस फोन करतो. फसलेल्याला आपण फसलोय हेच कळत नाही. म्हणून कमिटच्या यादीचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. कमिट मेसेज म्हणजे आपण आपल्याच टीमला ठेवलेला निरोप, कोडमध्ये कुठे हात घातला ते सांगणारा. ‘येणेबाकी क्वेरीला वर्षाचा फिल्टर टाकला’ असा कमिट मेसेज आमच्याकडे खरोखर होता, आणि टीमसाठी तो अगदी बरोबर होता. बाहेरच्या माणसाला त्यातून काही कळलं नसतं, आणि माझ्या ‘वेग वाढवला’मधून तर त्याहून कमी कळलं.

आता लिहायचं कसं, ते एका छोट्या उदाहरणावर बघा. कमिट आहे: ‘डीसी प्रिंटमधला नल एरर काढला.’ हीच गोष्ट डिस्पॅचला बसणाऱ्या माणसासाठी लिहायची तर:

‘डिलिव्हरी चलनावर ट्रान्सपोर्टचं नाव रिकामं ठेवलं तर प्रिंट निघत नव्हती. आता निघते. तुम्हाला काही करायचं नाही.’

कुठे, आधी काय व्हायचं, आता काय होतं, तुम्ही काय करायचं. एवढं आलं की नोंद झाली. ‘तुम्हाला काही करायचं नाही’ हे वाक्य फालतू वाटतं, पण ते गाळू नका. वाचणारा मनात तोच प्रश्न घेऊन वाचत असतो, आणि उत्तर मिळालं की पुढच्या ओळीवर जातो. शिवाय ‘प्रिंट निघत नव्हती’ वाचून ज्यांना महिनाभर तो त्रास झाला होता त्यांना कळतं की आपण केलेल्या तक्रारीचं काहीतरी झालं. ‘काही किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा’ ही जी ओळ मोबाइलवरच्या मोठमोठ्या ॲपखाली दिसते, तिची नक्कल करू नका. त्यांच्याकडे कोट्यवधी लोक आहेत आणि त्यातला कुणी त्यांना फोन करत नाही. तुमच्या सपोर्टच्या पोरीला मात्र सकाळी दहा ते बारा फोनवरून मान वर काढता येत नाही.

जरा मोठं उदाहरण घेऊ, कारण खरी परीक्षा तिथे असते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा चादरी-टॉवेलच्या बिलिंगमध्ये सगळ्यांनाच हात घालावा लागला. त्याआधी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते. ती मर्यादा २,५०० झाली आणि त्यावर १८ टक्के. बहुतेकांच्या नोंदीत एवढंच आलं, ‘नवीन जीएसटी दर लागू केले.’ मी असं लिहिलं असतं:

‘२२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या बिलांना नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर असेल तर १८ टक्के जीएसटी आपोआप लागेल. हा सरकारी बदल आहे. २१ सप्टेंबरपर्यंतच्या बिलांचे दर आम्ही बदललेले नाहीत आणि त्या बिलांवरची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघेल. आयटम मास्टरमध्ये ज्या मालाला तुम्ही दर हाताने पक्का केलाय, त्याला आम्ही हात लावलेला नाही. मास्टर मेनूमध्ये ‘मॅन्युअल टॅक्स’ची यादी आहे, ती काढून एकदा बघून घ्या.’

यात सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटी आहे. बदल कुणाला लागू झाला हे सगळेच लिहितात, कुणाला झाला नाही हे फार कमी लोक लिहितात. ज्या कारखान्यानं कधीकाळी दहा-बारा आयटमना हाताने दर लावून ठेवलेत, त्याला वाटणार की अपडेट टाकलं, म्हणजे काम झालं. त्याची बिलं चुकीच्या दरानं जातील आणि त्याला ते रिटर्न भरताना कळेल. ‘हा सरकारी बदल आहे’ हे चार शब्दही कामाचे. कारण सांगितलं नाही तर तुमच्या मनानं केलं असं समजून लोक भांडायला येतात. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस लागू झालं तेव्हा आपल्याकडचे बरेच मधले कारखाने एकदम त्यात आले. त्या वेळी ‘बिल सेव्ह व्हायला वेळ का लागतोय?’ असे जेवढे फोन आले, तेवढे नंतर कधी आले नाहीत. बिल आता सरकारी पोर्टलवरून नंबर घेऊन येतं म्हणून थांबतं, ही एक ओळ आधीच गेली असती तर अर्धे वाचले असते.

क्रमाबद्दल माझं मत जरा आडमुठं आहे. चेंजलॉग लिहिण्याची एक पद्धत २०१४ पासून जगभर रुळली आहे. नवं, बदललं, लवकरच बंद होणार, बंद झालं, दुरुस्त केलं आणि सुरक्षा, असे सहा मथळे, सगळ्यात नवं व्हर्जन वर, प्रत्येकाला तारीख. चांगली पद्धत आहे, नवीन काही शोधत बसू नका. मी फक्त मथळ्यांचा क्रम फिरवतो. ज्यात वाचणाऱ्याला काही करावं लागणार आहे ते सगळ्यात वर, मग ज्यानं आकडे किंवा सवयी बदलतील ते, मग दुरुस्त्या, आणि ‘नवं’ सगळ्यात खाली. आमच्या मालकांना हे अजून पटत नाही. त्यांना वाटतं नवीन फीचर वर दिसलं पाहिजे, तेच विकलं जातं. विकण्यासाठी वेगळा कागद काढा, असं मी त्यांना दर वेळी सांगतो.

‘लवकरच बंद होणार’ हा मथळा आपल्याकडे कुणी वापरत नाही, आणि मग एका सकाळी पॅकिंग स्लिपचा जुना नमुना गायब होतो. बंद करायचं असेल तर निदान दोन व्हर्जन आधी सांगा, कधीपासून ते तारखेनं सांगा, आणि त्याऐवजी काय वापरायचं ते तिथंच लिहा. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. ०३/०४ कुणी ३ एप्रिल वाचतं, कुणी ४ मार्च.

आता सर्व्हर सांभाळणाऱ्याचं, म्हणजे ॲडमिनचं. एकच नोंद चालेल का? एकाच फाइलमध्ये असली तर चालेल, एकाच परिच्छेदात नको. हा भेद जुना आहे. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या नियमांत दोन वेगळ्या फाइली आहेत, एक कोड लिहिणाऱ्यांसाठी चेंजलॉग आणि एक वापरणाऱ्यांसाठी न्यूज. डेबियन या लिनक्समध्ये तर पॅकेज अपग्रेड करताना महत्त्वाच्या सूचना समोर आणून दाखवायची सोय आहे, म्हणजे वाचल्याशिवाय पुढे जाणं जरा जड जावं. आणि चांगला नमुना बघायचा असेल तर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कुठल्याही मोठ्या व्हर्जनच्या नोंदी काढा. बदलांच्या सविस्तर यादीच्या आधी ‘स्थलांतर’ असा वेगळा भाग असतो आणि जुन्याशी न जुळणारं सगळं तिथे एकत्र सापडतं. ऑक्टोबर २०२२ च्या १५ व्या व्हर्जनमध्ये त्यांनी पब्लिक स्कीमामध्ये (डेटाबेसमधली सगळ्यांची सामाईक जागा) कुणालाही टेबल करायची जी मोकळीक होती ती काढून घेतली. नुसतं एवढं वाचून ॲडमिनच्या पोटात गोळा आला असता. पण पुढेच लिहिलं होतं की हे नव्या डेटाबेसना लागू आहे. जुना अपग्रेड केला किंवा बॅकअपमधून परत आणला तर आधीच्या परवानग्या तशाच राहतात. वर जीएसटीच्या उदाहरणात म्हणालो तेच, कुणाला लागू नाही ते सांगणं.

मी ॲडमिन असताना मला काय हवं असायचं ते एका नोंदीतच दाखवतो. समजा तुमचं ७.४.० निघतंय:

‘याआधी किमान ७.२ असायला हवं. डेटाबेसमध्ये बदल आहे: स्टॉक लेजरला एक कॉलम आणि एक इंडेक्स. ११ लाख ओळींच्या डेटावर, साध्या हार्ड डिस्कवर आमच्याकडे १८ मिनिटं लागली; तेवढा वेळ सगळे लॉगआउट हवेत. डिस्कवर डेटाबेसइतकी मोकळी जागा लागेल. मध्येच लाइट गेली तर तीच फाइल पुन्हा चालवा, राहिलेलं तिथून पुढे होतं. आधी सर्व्हर, मग काउंटरचे पीसी. जुना क्लायंट नव्या सर्व्हरला जोडला तर लॉगिनवरच थांबतो, डेटाला धक्का नाही. नवं पोर्ट नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘बॅकअप पाथ’ आता रिकामा चालत नाही, सर्व्हिस सुरू होणार नाही. परत ७.३ वर जायचं असेल तर नवीन व्हर्जनमध्ये पहिलं बिल निघण्याआधी, बॅकअप टाकून. बिल निघाल्यावर परतीचा रस्ता नाही.’

हे वाचायला रुक्ष आहे, आणि तसंच असू दे. रात्री पावणेनऊला कारखान्यात एकटा बसलेला माणूस हे वाचतो. शेवटची बस चुकणार का याचा हिशेब तो त्या १८ मिनिटांवरून करतो. तो आकडा मोजून लिहा, अंदाजानं नको, आणि कसल्या मशीनवर मोजला तेही लिहा. तुमच्या एसएसडीवरची तीन मिनिटं त्याच्या सात वर्षं जुन्या सर्व्हरवर पाऊण तास होतात, आणि पंचविसाव्या मिनिटाला तो घाबरून पॉवर बटण दाबतो. हे मी केलेलं आहे. लाइटचं वाक्य का, हे सोलापूरकराला सांगायला नको. यूपीएस असतो, बॅटरी संपलेली असते.

परतीचा रस्ता तर दर वेळी लिहायचाच, ‘नाही’ असेल तरी. उलट ‘नाही’ असेल तेव्हा जास्त ठळकपणे. परत फिरता येत नाही हे आधी कळलं तर माणूस बॅकअप खरंच उघडतोय का ते तपासून मगच हात घालतो.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांवर आपल्याकडे गप्प बसायची सवय आहे, लाज वाटते म्हणून. समजा ‘लॉगिन न करता रिपोर्टची लिंक उघडत होती’ असं काही सापडलं आणि दुरुस्त केलं. सगळा मार्ग उलगडून सांगू नका, पण कुठल्या व्हर्जनपासून कुठल्यापर्यंत होतं, इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरलाच धोका की आतल्या नेटवर्कवरही, आणि अपडेट आज रात्रीच टाकायचं की रविवारपर्यंत थांबलं तरी चालेल, एवढं लिहाच. डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजेचं प्रकरण आठवत असेल, असंख्य जावा सॉफ्टवेअरच्या आत असलेल्या एका छोट्या भागात मोठं भगदाड सापडलं होतं. त्या एका महिन्यात २.१५, २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशी एकापाठोपाठ एक व्हर्जन निघाली. २.१५ ची दुरुस्ती काही ठरावीक सेटिंगमध्ये अपुरी आहे, हे त्यांनी स्वतः उघडपणे लिहिलं. ते लिहिलं नसतं तर २.१५ टाकून जगभरचे ॲडमिन निवांत झोपले असते. आपली दुरुस्ती अपुरी पडली हे लिहायला धीर लागतो. ग्राहक त्यानं तुटत नाही, उलट पुढच्या वेळी तुमची नोंद वाचतो.

व्हर्जनच्या आकड्यांनाही अर्थ ठेवा. तीन आकड्यांची पद्धत बहुतेकांना माहीत असते: पहिला बदलला तर जुन्याशी न जुळणारं काही आहे, दुसरा बदलला तर नवीन काही आलंय, तिसरा म्हणजे नुसती दुरुस्ती. माहीत असते, पाळत कुणी नाही. तिसरा आकडा बदलून आत डेटाबेसचा बदल घातला की त्या आकड्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

वेळेचं एक जाता जाता. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० ला ३-बी, ही जीएसटीची रिटर्न भरायची असतात. त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत बदलाचं व्हर्जन काढूच नका, फक्त अडलेलं सोडवणारी दुरुस्ती काढा. आणि जानेवारीत संक्रांतीच्या आसपास तर मुळीच नको. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, भरलेला असतो, अर्धा स्टाफ होम मैदानावर असतो आणि उरलेला अर्धा तिकडे कधी जायला मिळेल याची वाट बघत असतो. एकदा भोगीच्या आदल्या दिवशी आम्ही अपडेट पाठवलं. नोंद चांगली लिहिली होती. वाचली गेली ती पाच दिवसांनी.

आता ॲडमिनची स्वतःची नोंद. हे तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण तुमचा चेंजलॉग कितीही चांगला असला तरी त्या सर्व्हरवर आणखी दहा हात फिरतात. अँटिव्हायरसवाला येतो, प्रिंटरवाला येतो, मालकांचा भाचा सुट्टीत येऊन राउटर बदलून जातो. मी कारखान्यात होतो तेव्हा सर्व्हरच्या रॅकवर सुतळीनं बांधलेली एक दोनशे पानी वही ठेवली होती. त्यातली एक नोंद अशी:

‘रविवार, रात्री ९.१०. बॅकअपची वेळ ८ ची ११ केली. कारण: सायझिंगची पाळी ८ ला बदलते, तेव्हा वजनकाट्याच्या एंट्र्या चालू असतात आणि बॅकअप अडकतो. परत करायचं असेल तर: टास्क शेड्यूलर, तिसरी ओळ. मालकांना सांगितलं आहे.’

यात ‘कारण’ नसतं तर दोन वर्षांनी आलेल्या पोरानं ती वेळ पुन्हा आठ केली असती. अकरापर्यंत कशाला थांबायचं म्हणून. लिनक्सचा सर्व्हर असेल तर सेटिंगच्या फाइली एटसीकीपरसारख्या साधनानं गिटमध्ये ठेवता येतात, कधी काय बदललं ते आपोआप राहतं. पण का बदललं ते तुम्हालाच लिहावं लागतं. वहीचा दुसरा फायदा असा की सर्व्हर बंद पडलेला असतानाही ती उघडते.

इथे एक गल्लत नेहमी होते म्हणून सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर असंच वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक व्यवहारातल्या बदलाचा माग तारखेसह राहतो आणि तो बंद करता येत नाही. ऑडिटर ‘एडिट लॉग दाखवा’ म्हणतो तो हा. तो वेगळा आणि आपण बोलतोय तो चेंजलॉग वेगळा. तिथे बिल कुणी बदललं ते राहतं, इथे बिल करणारं सॉफ्टवेअर कसं बदललं ते. एकदा एका सीएंच्या आर्टिकलला, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या पोराला, मी अर्धा तास चेंजलॉग समजावत बसलो होतो आणि त्याला हवा होता एडिट लॉग. मात्र तुमच्या एखाद्या व्हर्जननं एडिट लॉग कुठे साठतो, किती जुना दिसतो, कोण बघू शकतो यातलं काही बदलत असेल, तर ते सगळ्यात वर, वेगळ्या ओळीत लिहा. ते वाचणारा तिसराच माणूस आहे.

भाषेचं विचारलंत. मराठीत लिहा, पण स्क्रीनवर जे शब्द इंग्रजीत दिसतात ते तसेच ठेवा. मेनूवर ‘स्टॉक लेजर’ असताना नोंदीत ‘साठा खातेवही’ लिहिलं तर माणूस मेनूत साठा शोधत बसतो. आपल्याकडे अकाउंटला बसणाऱ्यांत घरी तेलुगू बोलणारे असतात, कन्नड बोलणारे असतात. कामाची मराठी सगळ्यांना येते, पुस्तकातली मराठी कुणालाच नको असते. छोटी वाक्यं लिहा. ‘सदर सुविधा कार्यान्वित करण्यात आलेली आहे’ असलं काही लिहाल तर तुमची पीडीएफ पुन्हा कुणी उघडणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

पीडीएफचं म्हणाल तर ती ठेवा, पण कळवायचं व्हॉट्सॲपवर. तिथे मेसेज न उघडता पहिली एक-दीड ओळच दिसते. ‘नमस्कार, आपणांस कळविण्यात आनंद होतो की’ यात ती ओळ घालवू नका. ‘७.४ : अपडेटनंतर चलन प्रिंटचं मार्जिन एकदा तपासा’ एवढं दिसलं की डिस्पॅचवाला उघडतोच. दोन-तीन ओळींत करायच्या गोष्टी, खाली पूर्ण नोंदीची लिंक. ॲडमिनला वेगळा मेसेज, निदान एक दिवस आधी. सॉफ्टवेअरच्या आतही ‘या व्हर्जनमध्ये काय बदललं’ असं एक बटण ठेवा, कारण फोन येतो तेव्हा त्यांच्या हातात मोबाइल असतो आणि समोर स्क्रीन असते.

लिहायचं कधी? हे सगळं कोलमडतं ते इथेच. व्हर्जन काढायच्या दिवशी संध्याकाळी कुणालातरी ‘चेंजलॉग लिहून टाक’ म्हणून सांगितलं जातं आणि तो तीन आठवड्यांचे कमिट चाळत बसतो. तेव्हा कुणालाच काही आठवत नाही. ज्यानं बदल केला त्यानंच, त्याच दिवशी, बदलासोबतच ओळ लिहायची. फाइलच्या वरच्या टोकाला ‘येणाऱ्या व्हर्जनमध्ये’ असा मथळा कायम उघडा ठेवा, ओळी तिथे साठत जातात. दोघं एकाच वेळी त्या फाइलमध्ये लिहितात आणि मर्ज करताना, म्हणजे दोघांचे बदल एकत्र जोडताना, भांडण होतं असं झालं, तर प्रत्येक बदलाची छोटी वेगळी फाइल करा आणि शेवटी जोडा. टाउनक्रायरसारखी साधनं हेच करतात. कोड तपासणाऱ्यानं ओळ नसेल तर बदल परत पाठवायचा. बाहेर काहीच दिसणार नसेल तर तसं एका शब्दात लिहायचं, पण विचार केला होता हे दिसलं पाहिजे.

मग शेवटचा हात सपोर्टच्या माणसाचा. आमच्याकडे सपोर्टला एक बाई होत्या, बारा वर्षं फोन घेतलेल्या. मी लिहिलेली नोंद त्यांना वाचायला द्यायचो. त्या पेन्सिलीनं एखाद्या ओळीपुढे आकडा लिहायच्या, ७, १५, ३०. त्या ओळीवरून किती फोन येतील त्याचा अंदाज. तीस लिहिलं की मी ती ओळ पुन्हा लिहायचो. येणेबाकीची ओळ त्यांना दाखवली नव्हती.

व्हर्जन बिघडलेलं निघालं आणि मागे घ्यावं लागलं तर त्याची नोंद पुसू नका. तिथंच लिहा, ‘मागे घेतलं, स्टॉक दोनदा वजा होत होता, ७.४.२ टाका.’ ज्यांच्या मशीनवर ते चढलंय त्यांना नेमकं तेच शोधायचं असतं. आणि जुन्या नोंदीत गुपचूप दुरुस्ती करायची नाही. चुकलं असेल तर खाली तारीख टाकून सुधारणा लिहायची.

राहिलं सहा वर्षांचं. मागे जाऊन लिहीत बसू नका. त्यात महिना जाईल, निम्मं चुकेल आणि कुणी वाचणार नाही. फाइलच्या तळाशी एक ओळ टाका: ‘यापूर्वीच्या नोंदी ठेवलेल्या नाहीत, शंका असेल तर सपोर्टला विचारा.’ फक्त एवढं करा की आज ग्राहकांकडे जी सगळ्यात जुनी व्हर्जन चालू आहेत ती शोधा. सहसा दोन-तीनच निघतात, आणि त्यातलं एक तरी अशा कारखान्यात असतं जिथे अपडेट नको म्हणून इंटरनेटची वायरच काढून ठेवलीय. त्या व्हर्जनपासून आजच्यापर्यंत यायचं तर काय करावं लागेल, एवढंच एका पानावर लिहा, ॲडमिनच्या नमुन्यात, परतीच्या रस्त्यासकट. ते पान पीडीएफ करून पाठवू नका. छापून घ्या आणि स्वतः घेऊन जा.